न धरलेल्या बैठका

आमच्या घरात व्यायामाचं सामान म्हणजे दोन विटा. त्यांना गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळलेलं होतं. त्यांच्यावर तळहात टेकायचे आणि जोर मारायचे. बैठकांना तर तेवढंही लागत नाही, पाय असले की झालं. "सामान आळशी माणसाला लागतं," असं आप्पा, म्हणजे माझे वडील, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आप्पा इंदूरच्या एका कापडगिरणीत कारकून होते. दिवसभर खुर्चीत बसून त्यांचं पोट सुटलं होतं, पण त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते आणि त्या घोड्यावरून आप्पा मरेपर्यंत उतरले नाहीत. स्वतः तरुणपणी पोलिसभरतीला गेले तेव्हा छाती दोन बोटं कमी भरली. ती दोन बोटं आता त्यांना माझ्या भावाकडून भरून काढायची होती.

आम्ही छत्रीबागेत राहायचो. तीन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर सिमेंटची टाकी. उन्हाळ्यात वारा पडला की खान नदीचा वास थेट जेवणाच्या ताटापर्यंत यायचा आणि आई उदबत्ती लावून त्याच्याशी भांडायची. आमची सकाळ मात्र वासाने नाही, आवाजाने उजाडायची. खालच्या गल्लीत पिठाची गिरणी सुरू व्हायची, शेजारी रेडिओ खरखरायचा आणि आप्पा स्वतःच्या मांडीवर थाप मारून ओरडायचे, "अरुण! चल, वर!" अरुण म्हणजे माझा दादा. वय एकोणीस, बीएस्सीला होता. हातपाय काटकुळे, चष्मा जाड. केमिस्ट्री शिकवायला मिळावी, कॉलेजात प्राध्यापक व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. त्याने ते एकदाच बोलून दाखवलं होतं, तेव्हा आप्पांनी विचारलं होतं, "खडू उचलायला जमेल का पण?"

रोजचा हिशेब ठरलेला. पन्नास जोर, शंभर बैठका. त्यानंतर दादाला पेलाभर दूध मिळायचं, त्यात सहाणेवर उगाळलेले चार बदाम आणि चमचाभर तूप. नंतर पोहे, त्यावर शेव, जिरावन मसाला, आणि रविवार असला तर जलेबी. बदाम उगाळायचे मी. पेला विसळायचेही मी. विसळायच्या आधी तळाला उरलेला बदामाचा चोथा बोटाने निपटून खायचे, हे आईला ठाऊक होतं आणि ती दुसरीकडे बघायची. मी पंधरा वर्षांची, थोराड हाडाची, घागर कमरेवर घेऊन एका दमात गच्चीवर जाणारी. मला बैठका मारायच्या होत्या. एकदा तसं म्हणाले तर आप्पा हसले सुद्धा नाहीत. म्हणाले, "तू मोज."

म्हणून मी मोजायचे. आप्पा काही रोज वर येत नसत. खाली ओसरीत पेपर उघडून बसत आणि उंटावरून शेळ्या हाकत. मी प्रत्येक बैठकीला आकडा मोठ्याने पुकारायचा, तो त्यांना जिन्यातून ऐकू यायचा, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान. नियम दोनच होते. पहिला, बैठक पूर्ण खाली गेली पाहिजे, टाच मांडीला लागली पाहिजे. अर्ध्यावरून उठलं तर ती बैठक धरायची नाही, आकडा तोच राहतो. आणि दुसरा, मोजणाऱ्याशी वाद नाही. मोजणारा म्हणेल ते खरं. घरात मला मीठ किती टाकायचं हेसुद्धा कोणी विचारत नव्हतं, तिथे हा एक अधिकार माझ्या हातात आला होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या तर तो आधी काय करतो? खाऊन घेतो. मीही तेच केलं.

चैत्रात दादाने माझ्याशी सौदा केला. कॉलेजातून येताना तो मला कचोरी आणणार, आणि सकाळी तो टाकीमागच्या सावलीत आडवा पडून पुस्तक वाचणार. मी रिकाम्या गच्चीवर उभी राहून एकापासून शंभरापर्यंत खच्चून ओरडायचे. मधेमधे "ही नाही धरली, परत!" असंही म्हणायचे, खरं वाटावं म्हणून. दादा टाकीमागे तोंडावर पुस्तक धरून हसायचा. खाली आप्पा आईला सांगायचे, "पोरगी बरोबर मोजते हं. बारीक लक्ष आहे तिचं." ते चार आठवडे आम्हा भावंडांचे सर्वांत सुखाचे. इतका लळा आम्हांला एकमेकांचा त्याआधी नव्हता आणि त्यानंतर तर नाहीच.

मग एक दिवस आई देवळात गेलेली बघून मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि बैठका मारल्या. हे मी अधूनमधून करायचेच. परकराचा ओचा खोचून, डब्याच्या फळीकडे तोंड करून, मनात मोजत. त्या दिवशी मी ऐंशीवर होते, दम लागला नव्हता, आणि मागे कोणी फसकन हसलं. दादा दारात. मला वाटलं, आमचा सौदा आहे, हा गप्प बसेल. संध्याकाळी ओट्यावर त्याचे तीन मित्र बसले होते आणि मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. दादा उठला, टॉवेलचा पदर डोक्यावर घेतला, गाल फुगवले, मांड्या फाकवल्या आणि माझ्यासारखी बैठक मारून दाखवली. "हटो भिया, जगह दो, पहलवान आ रिये हैं!" तिघं लोळले. त्यातला एक, ज्याच्यासाठी मी वेणीला रिबीन बांधून चहा आणला होता, तो म्हणाला, "इसका ब्याह तो अखाड़े में ही होगा यार." मी ट्रे ठेवला आणि आत आले. कप एकही हिंदकळला नाही, हे मला अजून आठवतं.

रात्रीच्या जेवणात मी आप्पांना सांगितलं. भात वाढता वाढता, अगदी साध्या आवाजात. "आप्पा, दादा महिनाभर बैठका मारत नाहीये. टाकीमागे झोपतो." दादाचा घास हातात राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, चुकीचं ऐकल्यासारखं. आप्पांनी जेवण संपवलं, ताटात हात धुतला, पुसला. मग म्हणाले, "रविवारी पाचशे. एका दमात. मधे खाली उतरायचं नाही. आणि तूच मोजशील." मी महिनाभर खोटे आकडे ओरडले होते त्याचं काय, हे त्यांनी विचारलंच नाही. आईने विचारलं, तर म्हणाले, "पोरीची जात. भावाला भ्याली असेल." मुलगी असण्याचा एवढा फायदा मला आयुष्यात दुसऱ्यांदा झाला नाही.

तो रविवार वैशाखातला. आठ वाजता गच्ची पायाला चटके देत होती. दादा चड्डी-बनियनवर, चष्मा काढून टाकीवर ठेवलेला, त्यामुळे त्याला माझं तोंड नीट दिसत नसणार. आप्पांचा आणखी एक कायदा होता, व्यायाम चालू असताना पाणी प्यायचं नाही. पाण्याने पोट बिघडतं आणि केलेलं अंगी लागत नाही. शंभरपर्यंत दादा बरा होता. मीही सरळ मोजलं. शंभरानंतर त्याचे गुडघे अर्ध्यावर थांबायला लागले, आणि पहिल्यांदा जेव्हा तो तसा उठला, तेव्हा मी आकडा पुकारला नाही.

"धर ना," तो म्हणाला.

"खाली गेलाच नाहीस."

"शकू, यार, बहन आहे ना तू?"

"पहलवान आहे मी," मी म्हणाले. "परत."

खरं सांगायचं तर त्यातल्या पुष्कळ पूर्ण होत्या. टाच मांडीला लागत होती. मला दिसत होतं आणि मी धरत नव्हते. नियमच होता, मोजणाऱ्याशी वाद नाही, आणि ओरडून आप्पांना सांगावं तर महिनाभराचं त्याचं खोटं ताजं होतं. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? हे त्याला कळत होतं आणि मला तर त्याच्याआधी कळलं होतं. दोन मोठ्याने पुकारायच्या, एक गिळायची. पण गिळलेल्याही मी मनात मोजत होते. माझा तो गुण म्हणा, खोड म्हणा, आकडा माझ्या हातून हरवत नाही. अडीचशेला आई तांब्या घेऊन जिन्यात आली. "अहो, थोडं पाणी तरी पिऊ द्या त्याला, पोरगा एकदम लाल होऊन राहिला." खालून आप्पांचा आवाज आला, "खाली ये. लाड करून तूच बिघडवला." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मग तूच पटापट मोज गं." मी मान हलवली. आई गेल्यावर दादाने माझ्याकडे पाणी मागितलं. मी म्हणाले, तीनशे झाल्यावर. तीनशे झाल्यावर म्हणाले, चारशे झाल्यावर.

आता या वयात माझ्या गुडघ्यांसाठी फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येते आणि खुर्चीची पाठ धरून मला दहा अर्ध्या बैठका करायला लावते. "बहुत बढ़िया आंटी, हो गया!" असं ती प्रत्येक बैठकीला म्हणते, मग ती कशीही होवो. माझी नात दिवाणखान्यात सतरंजी टाकून मोबाइल समोर ठेवते, व्यायामाला सामान काही लागत नाही आजी, असं मलाच शिकवते, आणि तिचे आकडे तो मोबाइल मोजतो. मी बघत बसते. त्या यंत्राला कोणावर राग नाही, म्हणून ते सगळ्या धरतं. नात विचारते, तुम्ही लहानपणी करायचा का काही? मी सांगते, मोजायचे.

पाचशे झाले तेव्हा अकरा वाजून गेले होते. दादा खाली बसला नाही, पडला. मी मनातला आकडा जुळवला. न धरलेल्या दोनशे बारा. खाली आप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, दुधात चाराच्या जागी सहा बदाम घातले. त्याला पेला धरवेना. आईने तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या सुजून टम्म झाल्या. आप्पा खूश. आईला बोलावून दाखवलं, "बघ. मांडी भरली. एका दिवसात भरली!" सरसूचं तेल कोमट करून त्यांनी स्वतः चोळलं, दोन्ही अंगठे रुतवून, आणि दादा उशी चावत राहिला. दुखतंय म्हणजे अंग तयार होतंय, हे आमच्या घरचं शास्त्र. तिसऱ्या दिवशी तो मोरीतून भिंतीला धरून बाहेर आला आणि आईला हळूच म्हणाला, लघवी काळी होऊन राहिली, बिनदुधाच्या चहासारखी. आई म्हणाली, उन्हाळे लागलेत. मग धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, तळपायाला काशाची वाटी घासून झाली. बारा वर्षांच्या पोरापासून बहात्तराच्या म्हाताऱ्यापर्यंत छत्रीबागेत सगळ्यांना उन्हाळेच लागतात. चौथ्या दिवशी लघवी होणंच थांबलं आणि त्याचा चेहरा सुजला, तेव्हा कुठे रिक्षा आली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने मांड्या दाबून पाहिल्या आणि विचारलं, "किसी ने मारा है?" आप्पांना राग आला. म्हणाले, "मारेगा कौन? बैठक लगाई है. पाँच सौ." डॉक्टर तरुण होता. त्याने खोदून खोदून सगळं विचारून घेतलं, आणि आप्पांकडे, मग दादाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "महीने भर की छुट्टी के बाद सीधे पाँच सौ? बिना पानी?" मग त्याने आम्हांला सोपं करून सांगितलं, की स्नायू फाटलेत, त्यांची घाण रक्तात उतरली आहे आणि किडनीत जाऊन बसली आहे. सलाइन जोरात लावू. किडनी चालू झाली तर ठीक. नाही झाली तर, असं म्हणून तो पुढच्या पलंगाकडे वळला. कागदावर त्याने लिहिलं, पाचशे. मी ते लिहिताना बघत होते.

दोन दिवस पलंगाला लावलेली दादाची लघवीची पिशवी रिकामी. आप्पा पलंगाजवळच्या स्टुलावर बसून असायचे आणि मी इतकं खचलेलं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पोटसुद्धा आत गेल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या संध्याकाळी ते दादाला म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून असं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं, "पाचशेत ढेर झालास रे. जाऊ दे. तुझ्या हाडात ते नाहीच. मीच उगाच मागे लागलो. तू शीक तुझी केमिस्ट्री, हो मास्तर. मी नाही अडवणार." दादाने डोळे मिटले. त्याच्या सुजलेल्या तोंडावर जे आलं ते हसूच होतं. मी पायथ्याशी उभी होते.

त्याच रात्रीपासून पिशवीत थेंब थेंब दिसायला लागले. सकाळी डॉक्टर म्हणाला, चिन्हं बरी आहेत, अजून सांगता येत नाही. सांगता येत नाही, एवढंच मी ऐकलं. माझ्या डोक्यात एकच भुंगा शिरला होता, की कागदावरचा आकडा चुकीचा आहे, औषध पाचशेचं चाललंय आणि दादा मात्र जास्तीचं सोसतोय, आणि तो मेला तर माझ्या तोंडामुळे मरेल. मला प्रेम उतू गेलं होतं असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटत होती, आणि ती बहुतेक माझ्यासाठीच होती. व्हरांड्यात आप्पा नळावर तोंड धूत होते. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ओट्यावरचं हसणं, न धरलेल्या बैठका, पाण्याचं. सांगताना मी रडले. मला वाटलं, आता ते मारतील. मारावं असंच मला वाटत होतं.

त्यांनी तोंड पुसलं. "म्हणजे मारल्या किती त्याने?"

"सातशे बारा."

"नक्की?"

"नक्की. मनात मोजल्या मी."

त्यांनी मांडीवर थाप मारली. त्या व्हरांड्यात, ओल्या हाताने. "सातशे!" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगं, सातशे बारा! माझ्या आजोबांनी पण एका दमात सातशे नाही मारल्या!" मला त्यांनी जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. ते करायचं त्यांना आधी कधी सुचलं नव्हतं. मग तरातरा आत गेले. आधी शेजारच्या पलंगावरच्या माणसाला सांगितलं, मग वॉर्डबॉयला, मग डॉक्टरला. डॉक्टरने आकडा खोडून नवा लिहिला, औषध काही बदललं नाही, फक्त आप्पांना म्हणाला, "आप बाहर बैठिए." आप्पा बाहेर बसले आणि तिथे भेटेल त्याला सांगत राहिले. मी पलंगाशी गेले. दादाने मला जवळ बोलावलं. मला वाटलं माफ करतोय.

"का सांगितलंस?" तो म्हणाला. ओठ फुटले होते, आवाज येत नव्हता. "सोडलं होतं ना त्यांनी मला. पाचशेवर सोडलं होतं."

दादाची किडनी वाचली. आज तो सत्तरीला टेकला आहे, इंदूरजवळ हातोदला बी-बियाणांचं दुकान आहे, जमिनीवर मांडी घालून बसत नाही. पोलीस झाला नाही आणि प्राध्यापकही झाला नाही. दिवाळीला येतो, माझ्या हातची शंकरपाळी खातो, भाऊबिजेला ओवाळून घेतो आणि ताटात पाकीट टाकतो. त्या उन्हाळ्याबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. हे मी लिहिते आहे ते त्याला न विचारता. मला माझं मन हलकं करायची जुनी सवय आहे, आणि त्याची किंमत दुसरा देतो, तीही जुनीच.

पण तो घरी आल्यानंतरची एक सकाळ राहिली. डॉक्टरने सहा महिने काहीही ताण नको असं बजावलं होतं. आप्पा तीन आठवडे थांबले. डॉक्टर लोक भित्रे असतात, असं ते म्हणायला लागले. मोहल्ल्यात "सातशेवाला मुलगा" अशी दादाची कीर्ती झाली होती, लोक खिडकीतून डोकवायचे, आणि पोलिसभरतीचा फॉर्म आप्पांनी स्वतःच्या अक्षरात भरून ठेवला होता. त्या दिवशी पिठाची गिरणी सुरू झाली आणि त्यापाठोपाठ मांडीवर थाप ऐकू आली. "अरुण! चल, वर. दहाच. फक्त दहा. अंग मोकळं करायला." आई म्हणाली, "अहो!" एवढंच म्हणाली. दादा चष्मा काढून माझ्या हातात देऊन जिना चढला, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. या वेळी आप्पा स्वतः वर आले. खुर्ची टाकून बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हं. मोज."

मी ठरवलं होतं. जिना चढतानाच ठरवलं होतं, की तो नुसता वाकला तरी आकडा पुकारायचा. गुडघा हलला तरी धरायची. एक, दोन, तीन, चार, पाच मी तसंच केलं, जवळजवळ घाईने. सहाव्या वेळेला त्याच्या मांड्या थरथरल्या, तो अर्ध्यावर थांबला आणि भिंतीला हात लावून उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. आप्पांनी खुर्चीतून एक बोट वर करून डावीकडून उजवीकडे हलवलं. नाही. रागाने नव्हे, अगदी मायेने, जसं लहान मुलाला तिखटाला हात लावू नको म्हणतात तसं.

त्या सकाळी दादाने अकरा बैठका मारल्या. मी दहा मोजल्या.